जुना पासवर्ड विचारला नाही

सकाळी नऊ वाजून सात मिनिटांनी सुब्राय केदिलायला त्याच्या स्वतःच्याच सिस्टीमनं अडवलं. त्यानं नाव टाकलं आणि रोजची पासवर्डची चौकट यायच्या ऐवजी पडद्यावर आलं, ‘आपल्या पासवर्डची मुदत संपली आहे. नवा पासवर्ड द्या.’ त्यानं दिला. ‘पुन्हा एकदा द्या.’ दिला. ‘धन्यवाद.’ आणि रक्तपेढीचं अख्खं दप्तर समोर उघडं झालं. कुठली पिशवी कुठल्या गटाची, कुठली तपासून झाली, कुठली राहिली, कुणी कधी हात लावला, सगळं. त्यानं खुर्ची पुढं ओढली, बायकोनं, जयंतीनं, डब्याबरोबर दिलेला केळ्याचा बन्स काढून अर्धा तोडला, तोंडात घातला, आणि घास तसाच गालात राहिला. जुना कुठं विचारला? मुदत संपली तर आधी जुना पासवर्ड विचारायचा, तो बरोबर असेल तरच नवा घ्यायचा. एवढं तर शाळेतल्या पोरालाही कळतं. मुदत संपली म्हणून दारातला माणूस तोच आहे हे काही आपोआप ठरत नाही. आणि हे दार दुसऱ्या कुणाचं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी त्यानंच लिहिलं होतं, ओळ न् ओळ, याच खोलीत, याच पंख्याखाली. विचारलं असेल, त्याला वाटलं. बोटांनी सवयीनं टाकूनही दिलं असेल, आपलं लक्ष नसेल. पण केदिलायचं लक्ष नव्हतं असं कधी झालं नव्हतं. लक्ष नसलेली माणसं त्याला मनापासून आवडत नसत. तो घरातून निघताना कुलूप तीनदा ओढून बघे, टेबलाचा खण लावताना फटीत कागदाचा कपटा अडकवून ठेवे, आणि सकाळी तो जागेवर असला तरी मनाशी म्हणे, परत लावला असेल शहाण्यानं. त्यानं घास गिळला. पाणी प्यायला. मे महिन्याची मंगळूरची हवा सकाळपासूनच अंगाला चिकटत होती, आणि त्याच्या मानेवर आलेला घाम हवेचा होता की आणखी कशाचा, हे त्याला सांगता आलं नसतं.

कारण आजच तीन वाजता त्याला एका कागदावर सही करायची होती. गेल्या महिन्याच्या चौदा तारखेला दुपारी चार वाजून बावन्न मिनिटांनी, तपासणी अर्धवट राहिलेली रक्ताची एक पिशवी ‘देण्यास योग्य’ म्हणून नोंदली गेली होती. नोंद पेढीतली तंत्रज्ञ प्रफुल्ला शेट्टिगार हिच्या नावावर होती. पिशवी वॉर्डापर्यंत पोचलीसुद्धा. तिथल्या नर्सबाईंना तिच्यावर तपासणीची चिठ्ठी दिसली नाही म्हणून त्यांनी ती तशीच परत पाठवली, आणि माणूस वाचला. प्रफुल्ला त्या आठवड्यात रजेवर होती, कार्कळला मावसबहिणीच्या लग्नाला. म्हणजे एक तर ती गुपचूप येऊन गेली, नाहीतर तिनं पासवर्ड दुसऱ्या कुणाला दिला. दोन्हीला शिक्षा एकच. नोकरी जाणार, आणि असल्या कारणानं गेली की सबंध जिल्ह्यातली एकही रक्तपेढी तिला दारात उभी करणार नाही. एकोणतीस वर्षांची मुलगी, आठ वर्षांची नोकरी, आजवर एक नोंद चुकलेली नाही. चौकशी पेढीचे प्रमुख डॉक्टर बल्लाळ यांच्या खोलीत होती, आणि सगळं अडलं होतं केदिलायच्या तांत्रिक अभिप्रायावर. तो त्यानं कालच टाइप करून ठेवला होता. ‘जुना पासवर्ड माहीत असल्याशिवाय मुदत संपलेल्या खात्यात कोणासही प्रवेश करता येत नाही. सबब सदर प्रवेश श्रीमती शेट्टिगार यांनी स्वतः अथवा त्यांच्या संमतीने झालेला आहे.’ सबब हा शब्द त्याला काल फार आवडला होता. त्यानं तो दोनदा मोठ्यानं वाचला होता.

खणातून त्यानं प्रफुल्लाचं उत्तर काढलं. एक पान, गोल गोल अक्षर, खाडाखोड नाही. खाडाखोड नाही याचाच त्याला पहिल्यांदा संशय आला होता, निरपराध माणूस इतकं नीटनेटकं कसं लिहील? चौथ्या ओळीखाली त्यानं लाल रेघ मारून ठेवली होती. ‘माझ्या पासवर्डची मुदत बारा तारखेला संपली होती. मुदत संपल्यावर कुणीही नवा करून घेऊ शकतं, हे सगळ्यांना माहीत आहे.’ समासात त्याच्याच अक्षरात होतं, ‘हास्यास्पद!’ ती रजेवरून परतली त्या दिवशीचं त्याला आठवलं. दारात उभी राहून म्हणाली होती, “सर, माझा पासवर्ड चालत नाहीये.” तो मान वर न करता म्हणाला होता, “लग्नात जेवलात, विसरलात.” ती म्हणाली, “विसरले नाही सर. तोच आहे, पण घेत नाही.” त्यानं करवादून तिला नवा करून दिला होता. नंतर चौदा तारखेचं प्रकरण निघालं, तेव्हा त्याला ते दारातलं उभं राहणं आठवलं आणि वाटलं, काय बेरकी पोरगी आहे! आधीच नाटक करून ठेवलं. आता तोच प्रसंग त्यानं पुन्हा डोळ्यांसमोर आणला, तर तीच मुलगी, तीच निळी ओढणी, तीच बाजूला टेकवलेली छत्री, आणि नाटक कुठंच दिसेना. खरं बोलणारा माणूस आणि मुरलेला खोटारडा हे दारात उभे राहिले की अगदी सारखेच दिसतात, ही गोष्ट पन्नाशी उलटून सात वर्षं झाल्यावर त्याच्या लक्षात आली, आणि त्याला त्या गोष्टीचाही राग आला.

त्यानं एक खोटं खातं तयार केलं. ‘चाचणी’ असं नाव दिलं, मुदत कालची टाकली, बाहेर पडला आणि त्या नावानं दारात उभा राहिला. ‘मुदत संपली आहे. नवा पासवर्ड द्या.’ दिला. धन्यवाद. परत केलं. धन्यवाद. तिसऱ्यांदा केलं तेव्हा तो शब्द वाचून त्याला आपल्याच यंत्राच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. म्हणजे कुणीतरी ती ओळ काढली होती. कुणी? त्याच्या खोलीत येतं कोण? सफाईला येणारी कमलक्का पडद्याकडे बघतसुद्धा नाही, पण बघत नाही हे तरी कशावरून? दीड महिन्यापूर्वी बंगळुरूहून तपासणीला आलेला तो बारीक पोरगेला माणूस? आल्या आल्या तो म्हणाला होता, “सार, सगळ्यांना पंचेचाळीस दिवसांची मुदत, आणि तुमचंच खातं तेवढं अमर का?” केदिलाय म्हणाला होता, “मी दार लिहिलंय.” त्यावर तो हसून म्हणाला, “दार लिहिणाराही दारातूनच येतो ना सार.” आणि त्यानं डॉक्टर बल्लाळांना आणि केदिलायला एकाच टेबलाशी बसवून, दोघांकडून तिथल्या तिथं नवे पासवर्ड करून घेतले होते. बल्लाळ म्हणाले होते, “चला केदिलाय, आज आपण जुळे भाऊ झालो.” तो माणूस दोन दिवस याच खोलीत होता. किंवा लॅन्सी. आस्थापना सांभाळणारा लॅन्सी डिसोझा सगळ्यांशी हसतो, सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवतो. इतक्या लोकांचे वाढदिवस एखादा माणूस उगाच कशाला लक्षात ठेवील? की खुद्द बल्लाळ? चौकशीची एवढी घाई त्यांनाच का? केदिलाय एकेकाला मनात समोर उभा करत होता आणि एकेकाच्या हातांकडे बघत होता.

हात बघायची सवय वडिलांची. देवळाच्या कोठीचं काम त्यांच्याकडे होतं, आणि घरातल्या गुळाच्या डब्यावरही त्यांचीच नजर. डब्यातला गूळ कमी दिसला की चारही मुलांना पडवीत रांगेनं उभं करायचे, हात पुढं, तळवे वर, आणि वाकून एकेक तळवा हुंगायचे. “माझं नाक चुकत नाही,” म्हणायचे. थंड नाकाचा तो तळहातावरचा स्पर्श केदिलायला अजून आठवतो. एकदा गूळ त्यानं खाल्ला होता, आणि विहिरीवर चिंचेनं हात घासून आला होता. नाक त्याच्या तळव्यावरून पुढं गेलं आणि बहिणीच्या, वनजाच्या, तळव्यावर थांबलं. वनजा नऊ वर्षांची. तिनं सकाळी देवाचा गुळाचा नैवेद्य वाटला होता. तेवढा वास असणारच. ती काही म्हणाली नाही, फणसाच्या झाडाखाली उन्हात दुपारभर उभी राहिली. तोही काही म्हणाला नाही, ओसरीत पाढे म्हणत बसला. सतरा नव्वे किती, हे तो त्या दुपारी पुन्हा पुन्हा विसरत होता. पुढं वनजाचं लग्न झालं, ती शिमोग्याकडे गेली, सणावारी भेटते, बोलते, हसते. तो विषय कधी निघाला नाही. आणि वडील शेवटपर्यंत म्हणत राहिले, नाक चुकत नाही.

साडेदहाला लॅन्सी कॉफी घेऊन आला. एक पेला केदिलायच्या पुढ्यात ठेवला, एक स्वतः घेऊन खिडकीत टेकला. केदिलायला तो भटजी म्हणावं तसं भट्रे म्हणे. “काय हो भट्रे, चेहरा असा का? जयंतीअम्मा बन्समध्ये केळं घालायचं विसरल्या काय?”

केदिलाय त्याच्या चेहऱ्याकडे न बघता म्हणाला, “लॅन्सी, तुझ्या पासवर्डची मुदत संपली की काय करतोस?”

“काय करतोस म्हणजे? नवा टाकतो.”

“आणि जुना?”

“जुना कशाला?” लॅन्सी खरोखरच बुचकळ्यात पडलेला दिसला. “कोण विचारतंय जुना? पूर्वी विचारायचं. मग तुम्हीच बंद केलंत ना, म्हाताऱ्याकोताऱ्यांची सोय म्हणून? उपकार झाले मारायरे. मला तर सकाळचा नाश्ता दुपारी आठवत नाही.”

“सगळ्यांना माहीत आहे हे?”

“अहो, सगळ्यांना म्हणजे काय, रीतच आहे. कुणी रजेवर गेलं, त्याची एखादी नोंद अडकली, मुदतही संपलेली असली, की आपण शिरायचं, नवा टाकायचा, काम उरकायचं. आल्यावर सांगायचं, बाबा, तुझा पासवर्ड आता हा आहे. लोकांच्या अडीनडीला...” तो बोलता बोलता थांबला. पेला खिडकीत ठेवला. कॉफी थोडी सांडली, ती त्यानं रुमालानं पुसली, मग तोच रुमाल कपाळाला लावला. “भट्रे. चौदा तारखेचं म्हणताय का तुम्ही? मी नाही हं. मी त्या दिवशी चारलाच निघालो, आईला दाताच्या डॉक्टरकडे नेलं. विचारा पाहिजे तर तिला.”

“मी कुठं काय म्हटलं?”

“तुम्ही म्हणत नाही हो. तुम्ही बघता.” लॅन्सी दाराशी गेला आणि वळून, नेहमीचं हसू कुठंतरी शोधून आणल्यागत म्हणाला, “पण तुम्हाला हे आजच कसं सुचलं?”

तो गेल्यावर केदिलायनं एक कोरा कागद पुढं ओढला. एक्केचाळीस माणसं, दर पंचेचाळीस दिवसांनी एकदा. त्यानं त्यावर हिशेब मांडला आणि मग लाज वाटून खोडला. दोन हजारांवर वेळा लोक या दारातून जुनं काही न सांगता आत गेले होते. खरे गेले होते, खोटे गेले होते, मदतीला गेले होते. आणि ते ठाऊक नव्हतं फक्त एकाला, कारण त्याच्या खात्याला मुदतच नव्हती. तो दुसऱ्यांचे खण, दुसऱ्यांचे हात बघत बसला. बरं, माहीत असूनही प्रफुल्लाच्या बाजूनं एकानंही तोंड उघडू नये? पण उघडणार कसं! जो म्हणेल, ‘असं शिरता येतं,’ त्याला पहिला प्रश्न येणार, ‘तू कितीदा शिरलास?’ सगळे गप्प होते ते ती चोर आहे म्हणून नव्हे, प्रत्येकाच्या तळव्याला थोडाथोडा गूळ होता म्हणून. तिचीच राहिलेली कामं उरकताना कुणा भल्या माणसाचं बोट घसरलं असेल. कदाचित त्या माणसाला रात्री झोप लागत नसेल. कदाचित लागतही असेल, कुणी सांगावं.

अजून एक आशा होती, ती म्हणजे ओळ दुसऱ्या कुणीतरी काढली असण्याची. त्यानं दाराची मूळ फाइल उघडली आणि खाली खाली जात राहिला. स्वतःचं जुनं लिखाण वाचताना त्याला नेहमी बरं वाटायचं, इतकं चोख लिहिणारा माणूस आपणच, या भावनेनं. आज त्याला ते एखाद्या अनोळखी माणसाचं वाटत होतं, आणि तो अनोळखी माणूस काहीतरी लपवतोय असंही. मुदत तपासण्याचा भाग आला. जुना पासवर्ड पडताळायची ओळ तिथं होती. पण यंत्रानं ती वाचू नये म्हणून तिच्यापुढं खूण करून ती झोपवून ठेवलेली होती, आणि शेजारी टीप होती, ‘तात्पुरते. पंधरा दिवसांनी पूर्ववत करणे. सु. के.’ सु. के. आणि तारीख. सात वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी.

सु. के. म्हणजे तोच. आता सगळं लख्ख आठवलं, इतकं की एवढी वर्षं ते कुठं होतं याचाच संशय यावा. बल्लाळ दोन महिने परदेशी राहून आले होते, मुदत संपलेली, जुना आठवत नाही, आणि मोठे लोक भेटीला आलेले. फोनवर ओरडले होते, “अहो केदिलाय, मी या पेढीचा प्रमुख आहे, तुमचं यंत्र मला विचारतंय तू कोण!” वडीलधाऱ्या माणसाला जुनं काय ते सांगा म्हणून अडवायचं, तेही पाहुण्यांसमोर, हे केदिलायलाच ओशाळवाणं वाटलं. एकट्या बल्लाळांसाठी नवा पासवर्ड करून देता आला असता. पण मग ते म्हणाले असते, पुढच्या वेळी काय? म्हणून त्यानं ती ओळच झोपवली. पंधरा दिवसांसाठी. आणि चौथ्या दिवशी गावाहून फोन आला, वडील गेले. तो गेला. दहावं, अकरावं, बारावं, वैकुंठ समाराधना, भावांची बोलणी, कोठीच्या किल्ल्या देवळाच्या लोकांना परत. परतला तेव्हा डोकं भादरलेलं होतं आणि ती ओळ डोक्यातून गेलेली होती.

दुपारी एकला त्यानं डबा उघडला. उकडा भात, तोंडल्याची भाजी, ताक. जेवायची वासना नव्हती. त्यानं जयंतीला फोन लावला, का लावला ते त्यालाही कळलं नाही. दहा दिवसांपासून तिनं मोबाइलचं कुलूप बदललं होतं. तिची बोटं पडद्यावर वेगळ्या वाटेनं फिरताना त्यानं बघितलं होतं, आणि दहा दिवस तो गप्प होता. गप्प राहून तिच्या मैत्रिणी, तिचा भाऊ, वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर, सगळ्यांना मनात पडवीत उभं करत होता. आज त्याच्या तोंडून निघून गेलं, “तू मोबाइलचं कुलूप का बदललंस?”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग जयंती म्हणाली, “हे विचारायला ऑफिसातून फोन केलात होय?”

“का बदललंस?”

“अहो, मी झोपले की तुम्ही उघडून बघता, म्हणून. वर्षानुवर्षं बघता. मी म्हटलं, बघू दे, त्यात आहे काय, भजनाच्या वेळा आणि वनजाचे निरोप. पण मागं एकदा ठेवताना उलटा ठेवलात. मला एकदम वाटलं, आपण कुणाच्या घरात राहतो?” ती रागावलेली नव्हती. रागावलेली असती तर त्याला सोपं गेलं असतं. “जेवलात का?”

“जेवतोय.”

“ताक प्या. ऊन फार आहे.”

फोन ठेवल्यावर त्यानं ताक प्यायलं, सगळं, शेवटच्या थेंबापर्यंत, आज्ञा पाळावी तसं. मग त्याच्या मनात फार सरळ, फार स्वच्छ विचार आला. ही ओळ जागी करायला एक मिनिट लागेल. खूण काढायची, टीप पुसायची, साठवायचं. तीन वाजता कुणी म्हणालंच की दाखवा, तर दाखवता येईल. विचारतं की जुना! अभिप्रायातलं प्रत्येक अक्षर खरं ठरेल. लॅन्सी बोलणार नाही, त्याच्या रुमालानंच ते सांगितलं होतं. आणि पोरगी? पोरगी तरुण आहे. काहीतरी करील. तशी ती एकदम निर्दोष कशावरून? दिला असेल पासवर्ड कुणाला. आठ वर्षांत एकदाही नसेल का शिरली दुसऱ्याच्या खात्यात? हा विचार येताच त्याला इतका आधार वाटला की त्या आधाराचीच शिसारी आली. तरीही त्याचा हात पुढं गेला. खूण काढली. टीप पुसली. सु. के. ही दोन अक्षरं पुसताना बोट क्षणभर अडलं, मग तीही गेली. घड्याळात एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती. ‘चाचणी’ खात्यानं त्यानं पुन्हा दार वाजवलं. ‘मुदत संपली आहे. प्रथम जुना पासवर्ड द्या.’ किती बरोबर, किती कडक. अकरा वर्षांपूर्वी लिहिलं होतं अगदी तसं. त्यानं ते खातंही पुसून टाकलं, बाहेर जाऊन साबणानं हात धुतले, आणि बेसिनच्या आरशात बघायचं टाळलं.

तीनला बल्लाळांच्या खोलीत चौघं होते. बल्लाळ सकाळपासून रुग्णालयाच्या बैठकीत होते, नुकतेच येऊन टेकले होते, कोट अजून अंगावरच होता. लॅन्सी लिहून घ्यायला बसला होता आणि कागदाच्या कडा पुन्हा पुन्हा जुळवत होता. प्रफुल्ला समोरच्या खुर्चीवर, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. तिनं केदिलायला नमस्कार केला. त्यानं मान हलवली. बल्लाळांनी अभिप्राय मोठ्यानं वाचला. सबब हा शब्द आला तेव्हा केदिलायला तो कुणीतरी आपल्याच पाठीत हळूच टोचल्यासारखा वाटला. “करा सही,” बल्लाळ म्हणाले. त्यानं केली. सु. केदिलाय. खाली रेघ.

“मुली,” बल्लाळ म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखरच जड होता, “मला आनंद होत नाही यात. पण केदिलायांचं यंत्र कुणाची भीड धरत नाही. तुला काही सांगायचंय?”

“मी लिहिलंय ते सर,” प्रफुल्ला म्हणाली. “त्याच्यापेक्षा जास्त काही नाही.”

“ठीक आहे. तुझी नोंद एकदा काढून बघतो आणि मग...” बल्लाळांनी कीबोर्ड जवळ ओढला. नाव टाकलं. चष्मा वर केला, खाली केला. “हं, मुदत संपली म्हणे. आपली दोघांची एकच ना, केदिलाय? जुळे भाऊ.” ते काहीतरी टाइप करू लागले आणि थांबले. पुन्हा टाइप केलं. यंत्रानं नकाराचा तो जाड आवाज काढला. आणि बल्लाळ, भूक लागलेले, दमलेले, सकाळपासून दुसऱ्यांचं ऐकून घेतलेले, चिडून बोलले, “हे काय आता नवीनच? जुना कशाला मागतंय हे? इतक्या वर्षांत कधी मागितला नाही!”

लॅन्सीची बोटं कागदाच्या कडेवर थांबली. प्रफुल्लानं मान वर केली, पण बल्लाळांकडे नाही. ती केदिलायकडे बघत होती. बल्लाळांना आपण काय बोललो ते हळूहळू कळत गेलं, आधी चष्म्यामागच्या डोळ्यांना, मग टेबलावरच्या सही केलेल्या कागदाकडे गेलेल्या हाताला. लॅन्सीनं घसा साफ केला. “काहीतरी नवं बसवलं असेल भट्र्यांनी,” तो घाईघाईनं म्हणाला, “सुधारणा. हो ना भट्रे? हल्ली फोनमध्ये नाही का, रोज काहीतरी सुधारत असतं.” आणि त्यानं केदिलायकडे असं बघितलं की, अहो, दार उघडून दिलंय, शिरा आता आत.

शिरायला काहीच अडचण नव्हती. हो, एवढंच म्हणायचं. कुणी जुनं काही विचारणार नव्हतं. पण प्रफुल्ला बघत होती, आणि त्या बघण्यात राग नव्हता, विनवणी नव्हती. आयुष्यभर त्यानं ज्या नजरेनं माणसांकडे बघितलं होतं तीच नजर होती ती. पहिल्यांदाच ती त्याच्यावर येऊन थांबली होती, आणि ती चुकत नव्हती.

“सुधारणा नाही,” तो म्हणाला. मग लॅन्सीकडे बघून त्यानं पुन्हा सांगितलं. “सुधारणा नाही. जुना विचारायची ओळ सात वर्षं बंद होती. मुदत संपलेल्या कुठल्याही खात्यात कुणालाही शिरता येत होतं. आज दुपारी एक चाळीसला मी ती परत चालू केली.”

“बंद कुणी केली होती?” बल्लाळांनी विचारलं.

“मी.” कुणासाठी, ते त्याच्या ओठांवर आलं होतं. त्यानं ते तिथंच ठेवलं.

“म्हणजे चौदा तारखेला...”

“कुणीही असेल सर. लॅन्सी, मी, तुम्ही. हिच्याविरुद्ध माझ्याकडे काही नाही. नव्हतंच.”

लॅन्सीनं लिहायला घेतलेलं पेन खाली ठेवलं. बल्लाळांनी चष्मा काढला. त्यांना काहीतरी आठवत असावं, कारण ते काचा पुसत राहिले. बोलली ती प्रफुल्ला. तिचा आवाज पर्सवर ठेवलेल्या हातांसारखाच स्थिर होता. “सर, एक चाळीसला तुम्हाला माहीत होतं. आणि आत्ता पाच मिनिटांपूर्वी तुम्ही सही केलीत.”

त्याच्या लक्षात आलं की आपण दोन्ही हात टेबलाखाली घेऊन बसलो आहोत, शर्टाच्या टोकाला पुसत, केव्हापासून कोण जाणे. त्यानं ते वर आणले आणि कागदाशेजारी, सगळ्यांसमोर, तळवे वर करून ठेवले. अजून साबणाचा वास येत होता त्यांना.